देवगिरीची चढण आणि मनाचे दुखणे

गेल्या आठवड्यात चार तरुण फिटनेस सर्टिफिकेटसाठी दवाखान्यात आले. १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, दौलताबादचा किल्ला चढायचा, ओळखीच्यांकडून पायरीमागे एक रुपया कबूल करून घ्यायचा आणि जमेल ती रक्कम मनोरुग्णांसाठी द्यायची, असा त्यांचा बेत आहे. (अंधारीत पायऱ्या कोण मोजणार, यावर त्यांचे आत्ताच भांडण चालू आहे.) मी सर्टिफिकेटे दिली आणि स्वतःचेही नाव घातले. वय छप्पन, गुडघे जेमतेम. घरी सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला.

रांगेत बसलेल्या एका आजोबांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, डोंगर चढून कुणाचे डोके ताळ्यावर येते का?" प्रश्न रास्त आहे. सौम्य नैराश्यात रोजच्या चालण्याने झोप सुधारते, मन हलके होते, हे खरे. पण स्किझोफ्रेनिया, उन्माद किंवा तीव्र नैराश्य गोगाबाबा टेकडीच्या फेऱ्यांनी बरे होत नाही. त्याला औषधच लागते, आणि नैराश्यावरील गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात. तेवढ्यातच "काही फरक नाही" म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ. निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सुमारे साडेदहा टक्के लोकांना कुठला ना कुठला मनोविकार आढळला. त्यातील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

का पोचत नाहीत? लाज हे एक कारण. दुसरे अगदी साधे आहे आणि त्याची चर्चा होत नाही. सोयगावहून घाटीत मानसोपचार विभागात यायचे तर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. रुग्णाला एकटे पाठवता येत नाही, म्हणजे एसटीचे भाडे दोघांचे आणि मजुरी बुडते तीही दोघांची. दोन-तीन फेऱ्या होतात, माणूस जरा सावरतो, मग घरचे म्हणतात, आता बरा आहे, कशाला जायचे? पुढच्या उन्हाळ्यात तोच रुग्ण दोरीने बांधून आणलेला मी पाहिला आहे. म्हणून माझे या मुलांना स्पष्ट सांगणे आहे की जमलेला पैसा बॅनर, टोप्या आणि हारतुऱ्यांत घालवू नका. निवडक कुटुंबांचे वर्षभराचे एसटी भाडे भरा. थोडक्या रकमेत एखाद्याची गोळी चालू राहील.

अशा मदतफेऱ्यांतील एक प्रसिद्ध फेरी हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून सुरू झाली. अंतर १०० किलोमीटर आणि चमू चौघांचा. चौघांनी एकत्र निघायचे आणि एकत्रच पोचायचे, ही त्यातली मला आवडलेली गोष्ट. आपल्याकडेही प्रत्येक चमूत एक जण उपचार घेणारा, किंवा त्याची आई वा भाऊ असावा. त्याची तयारी असेल तरच, आणि त्याला पुढे करून फोटो काढायचे नाहीत. बारादरीला कोण आधी पोचले याला काही महत्त्व नाही.

आता डॉक्टर म्हणून दोन शब्द. ऑक्टोबरचे ऊन मराठवाड्यात फसवे असते, तेव्हा किल्ला उघडताच चढायला लागा. लिथियम घेणाऱ्यांनी विशेष जपावे. घामावाटे पाणी आणि मीठ कमी झाले की हे औषध रक्तात साचते. हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे असे काही दिसले तर चढण तिथेच थांबवून रुग्णालय गाठावे. मनोविकारावरील काही औषधांनी ऊन सोसत नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच या, मात्र चढण्यासाठी गोळी चुकवू नका. मधुमेह्यांनी उपाशी चढू नये. छातीत दुखणाऱ्यांनी खालीच, चांद मिनारापाशी, वह्या सांभाळत बसावे.

ज्यांना घरातील कुणाविषयी आजच बोलायचे आहे, त्यांनी १० ऑक्टोबरची वाट पाहू नये. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो फुकट आहे आणि रात्रीही लागतो.