जे झालं ते कोणाच्या भल्यासाठी?

शनिवार-रविवारी लोणावळ्यात दोन प्रकारची गर्दी चढते. एक भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायला येते. दुसरी कंपनीच्या बसमधून उतरते, गळ्यात नावाची पट्टी अडकवते आणि हॉटेलातल्या गार हॉलमध्ये बसून आयुष्याचा उद्देश शोधते. तिथला वक्ता हमखास सांगतो, नोकरी गेली तर ती आपत्ती समजू नका, इष्टापत्ती समजा. ज्यांची गेली त्यांनाच स्वतःचा खरा शोध लागला. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्या एकूण एकाची नोकरी त्या घटकेला शाबूत असते. नाहीतर सहलीचं बिल भरलं कोणी असतं?

त्या हॉलपासून लोकलने पाऊण तासावर तळेगाव आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं. पुढे तळेगावातून नुसती निर्यात होत राहिली आणि डिसेंबर २०२० मध्ये तीही थांबली. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना, १,४१९ कायम कामगारांना ले-ऑफ मिळाला. 'कायम' म्हणजे मावळच्या भाषेत परमनंट. या एका शब्दावर इथे लग्नं जमतात, बँका घराला कर्ज देतात, आणि सासरा जावयाला चारचौघांत 'अहो' म्हणतो.

वाद त्या वक्त्याशी आहेच, पण तोच उपदेश फुकटात वाटणाऱ्या आपल्या घरच्या काका-मामांशीही आहे. त्यांची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, दुःख कुरवाळत बसून पोट भरत नाही. कंपनी गेली म्हणून जग बुडालं नाही. हातपाय धड आहेत, गावी जमीन आहे, काहीतरी सुरू कर. आणि मुख्य म्हणजे दृष्टी बदल. नोकरी म्हणजे तू नव्हेस.

'काहीतरी सुरू कर' आधी घेऊ. ज्यांनी सुरू केलं आणि ज्यांचं चाललं, त्यांना आपण ओळखतो, कारण सत्काराला त्यांनाच बोलावतात. ज्याने भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढून टेम्पो घेतला आणि दोन वर्षांत हप्त्यापायी तो फायनान्सवाल्याने ओढून नेला, त्याला शाल-श्रीफळ कोण देणार? तो लोकांना टाळून मागच्या गल्लीने घरी जातो. एकाचं जमलं म्हणून सगळ्यांचं जमेल हा हिशेब कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारा, तो हसेल. एकाच वेळी हजारभर माणसं एकाच तालुक्यात वडापावच्या गाड्या लावतील तर खाणार कोण?

जमिनीचं तर विचारूच नका. नवलाख उंबरे, आंबी, मंगरूळ, इंदोरी या पट्ट्यातल्या बऱ्याच शेतांवर आज शेडं उभी आहेत. जी शेतं राहिली त्यांत पावसाळ्यात इंद्रायणी भात होतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेला हा वाण तालुक्याचा अभिमान आहे, पण भावाभावांत वाटून झालेल्या गुंठ्यांवरच्या एका पिकाने घरकर्जाचा हप्ता फिटत नाही. पवना धरणाच्या पट्ट्यातलं शेत असेल तर ते कधीच पाण्याखाली गेलं, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या फायली तीन पिढ्या वाचताहेत. उरलेल्या जमिनीवर मुंबईकरांचे बंगले आले. तिथे केअरटेकरची नोकरी मिळते खरी. स्वतःच्या आजोबांच्या बांधावर दुसऱ्याचं लॉन शिंपायची.

त्यांचा आणखी एक आक्षेप जास्त विखारी आहे: युनियनबाजीने कंपनी घालवली. याला उत्तर तारखाच देतात. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने हा कारखाना घ्यायचं ठरवलं. १७ एप्रिल २०२० रोजी केंद्राने सीमेला लागून असलेल्या देशांतल्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने याच कंपनीशी तळेगावसाठी ३,७७० कोटींचा करार जाहीर केला, आणि त्याच रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. करार थांबला. विक्रीची मुदत वाढत वाढत ३० जून २०२२ ला संपली. चीनशी व्यवहार नको ही देशाची भूमिका असू शकते, त्यावर इथे माझं भांडण नाही. पण डेट्रॉईटमधल्या मुख्यालयाने धंदा आवरता घेतला, दिल्लीने दार लावलं, लडाखमध्ये रक्त सांडलं, आणि काका-मामा तळेगावातल्या फिटरला विचारतात, तुझंच काय चुकलं?

म्हणूनच 'दृष्टी बदल' या उपदेशाला माझा पहिला विरोध इथे आहे. ज्याची नोकरी गेली त्याला आत पाहायला सांगतात, आणि आत पाहिलं की त्याला स्वतःचेच दोष दिसतात: इंग्रजी आलं असतं तर, डिप्लोमा पुरा केला असता तर, साहेबाशी जरा गोड राहिलो असतो तर. हजाराच्या वर माणसं एका महिन्यात एकदम नालायक ठरत नसतात. मान वर करून बाहेर पाहिलं की कारणांची साखळी दिसते, आणि ती दिसली की निदान रात्री स्वतःला कोसणं थांबतं. लोणावळ्याला मन शांत करायची जुनी परंपरा आहे; स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम १९२४ पासून तिथे आहे. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर डॉक्टर गाठावा, प्राणायाम करावा, त्यात कमीपणा काही नाही. पण मालकाने काढलेल्या माणसाला तुझं मनच बिघडलंय असं सांगणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती लबाडी आहे.

आता सगळ्यांत गोड वाटणारं वाक्य: नोकरी म्हणजे तू नव्हेस. अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी ऑस्ट्रियातल्या मारिएंथाल गावाकडे जावं लागतं. १९२९-३० मध्ये तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तिघांनी तिथे अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९३३ मध्ये निघालं. मोकळ्या वेळात माणसं वाचतील, राजकारण करतील अशी त्यांची अपेक्षा. झालं उलटंच. वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले. बायका तेवढ्या झपाझप चालत होत्या, कारण चूल बंद पडलेली नव्हती. पुढे याहोदांनी मांडलं की काम पगाराखेरीज आणखी बरंच काही देतं: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून करायच्या कामातला वाटा, गावात पत, आणि हाताला सवय.

याचा पुरावा शोधायला ऑस्ट्रियाला जायची गरज नाही. माझ्या ओळखीचा एक जण गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये तपासणीला होता. दिव्यांच्या झगझगाटात बॉनेटवरून तळहात फिरवायचा आणि डोळ्याला न दिसणारा खडा सांगायचा. काम सुटून बरेच महिने झाले तरी पहाटेचा गजर त्याने बंद केला नव्हता. दारात पाहुण्यांची गाडी लागली की हा उठून जायचा, दरवाज्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, 'इथं पुट्टी भरलीय, मागच्या मालकानं ठोकली असणार.' पाहुणे ओशाळायचे, बायको म्हणायची, 'अहो, बसा की गप.' तो हात, ती पारख म्हणजे तोच होता. त्याला 'ते तू नव्हेस' असं सांगणं म्हणजे धीर देताना त्याचा एक अवयव नाकारणं. त्याची उपेक्षा झाली ती नोकरीवर जीव लावल्यामुळे झाली नाही. ती पारख जिथे लागते तो कारखाना त्याला विचारत नव्हता, म्हणून झाली.

इथे कोणीतरी तुकोबांना मध्ये आणतोच. भंडारा डोंगर समोर दिसतो, इंद्रायणी खालून वाहते, मोह होणारच. तुकोबांचं दुकान बुडालं, दिवाळं निघालं, म्हणून तर ते संत झाले. तेव्हा नोकरी गेली हे भाग्य मान. हा दाखला मला फार खटकतो, कारण तो अर्धाच सांगतात. १६३०च्या दुष्काळात तुकोबांच्या घरातली माणसं अन्नावाचून गेली. 'बरें जालें देवा निघालें दिवाळें' हे ते म्हणाले ते स्वतःपुरतं, दुसऱ्याला नव्हे. आणि परंपरा पुढे सांगते की सावकारीच्या खतांचे दोन वाटे करून एक भावाला, कान्होबाला, दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. म्हणजे दुष्काळाने नाडलेल्या कुळांना त्यांनी वैराग्याचं प्रवचन दिलं नाही, त्यांच्या डोक्यावरचं देणं काढून टाकलं. हा दाखला द्यायचाच असेल तर बँकेच्या वसुली खात्याला द्यावा, हप्ता थकलेल्या कामगाराला नव्हे.

मग उद्देश सापडतो कुठे? माझं म्हणणं असं की तो एकट्याने शोधून सापडत नाही. कोणाला तरी आपली वाट पाहावी लागते, कोणत्या तरी ठिकाणी ठरल्या वेळी आपण नसलो तर काम अडावं लागतं. मावळाला हे नवं नाही. मुंबईचे डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरचे. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली तशी त्यांची रोजी थांबली आणि माणसं गावी परतली. कोणी भातशेतीत उतरलं, कोणी मिळेल तिथे राबलं. धंदा नंतर पुन्हा सुरू झाला तो बराच आटून, हे खरं. त्याला सोनेरी मुलामा देण्यात अर्थ नाही. पण एक फरक पाहण्यासारखा आहे. त्यांच्या टोळीत मुकादम असतो, मालक नसतो. प्रत्येकाचा वाटा असतो. त्यामुळे त्यांचं काम बुडालं तेव्हा कोणी कोणाला काढलं नव्हतं. गावी आलेला माणूस टोळीतलाच राहिला, त्याला कोणी 'तू आता आमचा नाहीस' असं पत्र दिलं नाही.

तळेगावच्या कामगारांनाही हे कळत होतं. २०२३ मध्ये ते उपोषणाला बसले तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली: यातून मिळणार काय? ज्यांनी कधी साखळी उपोषण जवळून पाहिलं नाही त्यांनाच हा प्रश्न पडतो. तिथे पाळ्या लागतात. आज कोण बसणार, उद्या कोण, पाणी कोण आणणार, कामगार आयुक्तांकडे कोण जाणार, कोणाच्या मुलाची फी थकलीय, हे सगळं रोज ठरतं. मारिएंथालच्या पुरुषांना जे मिळालं नाही ते मांडवात मिळतं. निकाल काहीही लागो, ठरल्या वेळी निघायला एक जागा असते. मांडवात घालवलेले दिवस मी वाया गेलेले धरत नाही. सक्सेस स्टोरी ऐकत घालवलेले धरतो.

'म्हणजे आयुष्यभर मांडवातच बसायचं का?' नाही. दुसरं काम मिळालं तर घ्यावं, कमी पगाराचं असलं तरी घ्यावं, त्यात पराभव कसला? घरातल्यांना पहिल्याच आठवड्यात खरं सांगावं. डबा भरून घेऊन स्टेशनच्या बाकावर दिवस काढणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत. पण नवं काम घेताना जुना हक्क सोडू नये, आणि जुन्या सोबत्यांचा ग्रुप सोडून जाऊ नये. लाज वाटते म्हणून माणूस आधी तिथूनच बाहेर पडतो.

आता हक्काचं. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घ्यायचा करार केला, जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पुरा झाला. घेतलं काय, तर जमीन, इमारती आणि ठरावीक यंत्रसामग्री. यादीत माणसं नव्हती. आमचे पुढारीही तोवर दुसरीकडे पाहत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉन तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा न आलेल्या नोकऱ्यांसाठी केवढा आक्रोश झाला! आलेल्या आणि गेलेल्या नोकऱ्यांची माणसं तिथेच गेटवर उभी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. आता ३०० पेक्षा कमी कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही. आधी ही मर्यादा १०० ची होती. बदल्यात नोकरीतून कमी केलेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं म्हणून मालकाने १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम द्यायची. ज्याचा हात बारा वर्षांत तयार झाला त्याला पंधरा दिवसांच्या पैशांत काय शिकवणार? कौशल्य त्याच्याकडे आहेच. ते वापरायला गेट उघडायला हवं.

आणि गेट उघडवण्याची चावी सरकारच्या हाती अजून आहे. एमआयडीसीतली जमीन भाडेपट्ट्याची असते. एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना महामंडळाची संमती लागते, वर नव्या कंपनीला सवलतीही मिळतात. आधीच्या कारखान्यातल्या माणसांना भरतीत पहिली संधी, जमणार नसेल तर का नाही याचं लेखी कारण, एवढी अट त्या संमतीला जोडावी. लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंतच्या ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांनी तसे ठराव करून मुंबईला पाठवावेत, आणि आमदार-खासदार मतं मागायला आले की आधी त्याची पोच विचारावी.