पडद्याबाहेरचा सूर

‘लोकांना जे हवे तेच आम्ही देतो’, असा युक्तिवाद चित्रपट निर्माते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. गीतांतील उथळपणाचा दोष त्यायोगे सोयीस्करपणे श्रोत्यांच्या माथी मारला जातो. चित्रपटसृष्टीच्या कारखान्याबाहेर घडलेल्या संगीताला पडद्यावर आल्यानंतर जे यश लाभले, ते पाहता हा युक्तिवाद टिकत नाही.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाचे उदाहरण बोलके आहे. सुस्मित सेन व असीम चक्रवर्ती यांनी १९९० साली स्थापन केलेल्या या वृंदाने चित्रपटाच्या आश्रयाविना दीर्घकाळ साधना केली. नर्मदामातेला आळवणारे ‘मा रेवा’ आणि कबीरांच्या निर्गुणी पदावर आधारित ‘झीनी’ ही त्यांची गीते प्रसिद्ध आहेत. गिटारच्या जोडीला तबला. वाद्ये दोन्हीकडची, पण आशय या मातीतला! वृंदातील राहुल राम हे नर्मदा बचाओ आंदोलनात वावरलेले. त्या आंदोलनाशी तीव्र मतभेद असणाऱ्यांनाही, नर्मदा परिक्रमेचे अप्रूप असलेल्या महाराष्ट्रात, ही रेवेची आळवणी परकी वाटण्याचे कारण नाही.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोट मालिकेत २५७ जणांचे बळी गेले. त्या राष्ट्रद्रोही कटावरील ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटाला याच वृंदाने संगीत दिले. खटल्याच्या निकालाअभावी रखडलेला हा चित्रपट २००७ साली प्रदर्शित झाला. त्यात ना नाचगाण्यांची आरास होती, ना प्रेमकथेचा मसाला. तरीही पीयूष मिश्रा यांनी लिहिलेले ‘बंदे’ हे गीत तरुणांच्या ओठी रुळले. २०१५ साली आलेल्या, काशीच्या पार्श्वभूमीवरील ‘मसान’ या चित्रपटातील त्यांच्या गीतांनाही असाच प्रतिसाद लाभला. समाजाची अभिरुची मेलेली नाही, तिला सकस अन्न मिळत नाही, हाच याचा अर्थ.

मात्र या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गुणी कलावंताची ओळख समाजाला पटण्यासाठी चित्रपटाची मुद्रा का लागावी? महाराष्ट्राची परंपरा तर याच्या नेमकी उलट आहे. गदिमा आणि बाबूजी सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचले. त्यातील ५६ गीतांना कोणत्याही पडद्याचा आधार नव्हता. भावगीताचे दालनही चित्रपटाबाहेरच समृद्ध झाले. ‘इंडी’ हे नाव नवे असले, तरी स्वतंत्र संगीत मराठी मनाला मुळीच नवे नाही.

अर्थात, जे स्वतंत्र ते श्रेष्ठच, असेही नव्हे. पाश्चात्त्यांची नक्कल करून तिलाच बंडखोरी म्हणणारेही या क्षेत्रात आहेत. पण ज्यांचे सूर स्वत्वातून उमलतात, त्यांना जगवण्याचे दायित्व समाजाचे आहे. २०१२ च्या कायदा दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार-संगीतकारांचा मानधनापलीकडील स्वामित्वधनाचा हक्क सुरक्षित केला. कायद्याचे हे संरक्षण स्वागतार्ह आहे, परंतु कायदा कलावंताला श्रोते मिळवून देऊ शकत नाही.

ते काम गावोगावच्या मंडळांनी करावयाचे आहे. ज्या गणेशोत्सवाच्या मांडवांत एकेकाळी मेळे आणि भावगीते रंगली, तेथे आज डीजेच्या भिंती उभ्या राहतात. प्रत्येक मंडळाने दहा दिवसांतील एक संध्याकाळ आपल्या परिसरातील नवोदित गायक-वादकांसाठी राखून ठेवली, त्यांना रास्त मानधन दिले आणि कुटुंबांनी सहपरिवार उपस्थिती लावली, तर उद्याच्या कलावंताला मुंबईच्या निर्मात्याचे उंबरठे झिजवावे लागणार नाहीत. बाजारू संगीताविषयी केवळ हळहळ व्यक्त करून संस्कृतिरक्षण होत नसते. त्यासाठी चांगल्या संगीताला हक्काचा मंच आणि श्रोता द्यावा लागतो.