राखेचं मीटर कुणाच्या घरात?

औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातला गंधकवायू रोखणारी यंत्रं बसवा, असा नियम सरकारनं डिसेंबर २०१५ मध्ये केला. मुदत दोन वर्षांची होती. ती संपली, वाढली, पुन्हा वाढली. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं देशातल्या सुमारे ७८ टक्के केंद्रांना या यंत्रातून सूटच देऊन टाकली! कारण काय, तर यंत्र महाग, वीज महागेल. शिवाय आपल्या कोळशात गंधक कमी.

गंधक कमी, हे खरं. पण कोळसा जाळतो किती? देशातल्या दर १० युनिटांपैकी सुमारे ७ युनिटं कोळशावर होतात. ५०० मेगावॅटचा एक संच दिवसाला हजारो टन कोळसा खातो. शिवाय हा वायू चिमणीपाशी थांबत नाही. हवेत त्याचे बारीक कण होतात, वाऱ्यानं दूर जातात, छातीत बसतात.

आता ‘महाग’ या शब्दाकडे बघू. यंत्राचा खर्च वहीत मांडता येतो, म्हणून तो महाग. दम्यानं धापणाऱ्या पोरापाशी रात्र काढणारी आई, त्यापायी बुडलेली तिची मजुरी, राख पडलेले कपडे पुन्हा धुणं, त्यासाठी पुन्हा पाणी भरणं – याला मीटर नाही. म्हणून ते फुकट! बाईच्या श्रमाला किंमत नाही, या जुन्याच नियमावर वीज स्वस्त दाखवली जाते.

चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं. तिथली वीज राज्यभर जाते, राख मात्र तिथंच उरते. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राखच असते. २००९ मध्येच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं चंद्रपूरला अतिप्रदूषित ठरवलं. तरी नव्या नियमात अशा ठिकाणी यंत्र सक्तीचं नाही. तज्ज्ञांची समिती प्रत्येक केंद्राचं वेगवेगळं ठरवणार. जमीन जाते तेव्हा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. ते नाव बहुतेक वेळा पुरुषाचं. नोकरी मिळालीच तर मुलाला. बाईच्या वाट्याला काय? खोकला आणि झाडू.

यंत्र बसूच शकत नाही, असं कुणी सांगू नये. डहाणूत नर्गिस इराणी, कितायून रुस्तम यांच्यासारख्या बायका औष्णिक केंद्राविरुद्ध उभ्या राहिल्या. केंद्र थांबलं नाही. १९९५ मध्ये सुरू झालं. पण लढा थांबला नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. त्यानं हे यंत्र बसवण्याचा हुकूम १९९९ मध्ये दिला, आणि २००७ मध्ये ते बसलं. डहाणूला जमतं, तर चंद्रपूरला का नाही?

‘मग मिक्सर, पंखा वापरू नका’ असं आपल्याला ऐकवलं जाईल. त्याला उत्तर द्या. वीज आम्हाला हवीच आहे. पाणी शेंदणारीला आणि दळण दळणारीला ती सगळ्यांत जास्त हवी. पण ती कुणाच्या फुप्फुसावर काढायची, हे ठरवणाऱ्या समितीत आम्ही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. सूट रद्द करा. केंद्राभोवतीच्या प्रत्येक गावात बायका-मुलांची आरोग्य तपासणी करा आणि तिचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि मोबदला नवरा-बायको दोघांच्या नावे द्या. ग्रामसभेत हे ठराव आपणच मांडायचे आहेत.