मोटर भरता येते, पण रकाना कुठाय?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या इंटरव्ह्यूला कितीही नावं ठेवा, त्यात एक गोष्ट चांगली असते. समोरच्याला छोटासा प्रोग्राम लिहायला देतात. येतं की नाही ते अर्ध्या तासात कळतं. डिग्री दारापर्यंत नेते, आत आपलं आपल्यालाच जावं लागतं.

आता अल्लीपूर घ्या. हिंगणघाट तालुक्यातलं मोठं गाव, कापसाचा मुलूख. समजा, तिथला एक दहावी नापास पोरगा विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी भरतो (रिवाइंडिंग हो!). तो वर्ध्याच्या रोजगार केंद्रात नाव नोंदवायला गेला, तर त्याची ओळख काय? शिक्षण : दहावी नापास. बस्स!

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा सगळा संसार नोंदणीवरच उभा राहिला. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळवायला लावल्या, पण तिथूनच माणूस घ्या अशी सक्ती नव्हती. मग मालक तिथे येणार कशाला? 'हा माणूस आम्ही पारखलाय' असं केंद्राने छातीठोक सांगितलं, तरच ना! २०१५ साली नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल आलं. रांग कमी झाली, प्रश्न तसाच राहिला.

सरकारला हे सुचलंच नाही असंही नाही. २०१५ च्या कौशल्य विकास योजनेत, अनुभवातून शिकलेल्यांना प्रमाणपत्र द्यायची सोय आली. २०२३ च्या पीएम विश्वकर्मात सुतार, लोहार, गवंडी धरून १८ व्यवसाय आहेत. तिच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम २०२४ मध्ये वर्ध्यातच झाला. पण त्या अठरांत मोटर भरणारा नाही!

माझं म्हणणं साधं आहे. रविवारी आयटीआयचं वर्कशॉप उघडा, जळालेली मोटर समोर ठेवा आणि परीक्षक म्हणून बाजारातला जुना मिस्त्री बसवा, मेहनताना देऊन. निकाल नुसता पास-नापास नको. 'वाइंडिंग उत्तम, मीटर वाचता येत नाही' असा हवा. म्हणजे पुढे काय शिकवायचं तेही कळलं.

वशिला चालेल म्हणता? चालेल की. म्हणून मिस्त्री दुसऱ्या तालुक्यातला आणा. आणि शेवटी मोटर एकतर फिरते, नाहीतर नाही.

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्याच परिषदेपुढे ठेवला होता. निदान त्या जिल्ह्यात तरी हाताला मार्क मिळावेत.

असो. तुमच्या ऑफिसात मेंटेनन्सला माणूस हवा असेल, तर जाहिरातीत 'किमान बारावी' कशासाठी लिहिलंय, एवढं एचआरला विचारून बघा.