'जादू' : तीन अर्थ व एक अनर्थ

फारसीतून येऊन मराठीत रुळलेला 'जादू' हा शब्द दिसावयास लहान. परंतु त्याच्या पोटात किती परस्परविरोधी अर्थ सुखाने नांदत आहेत! गवयाचा षड्ज लागला की आम्ही म्हणतो, गळ्यात जादू आहे. हा केवळ अलंकार; त्याने कोणाची हानी होत नाही. गारुडी भर चौकात रिकाम्या टोपलीतून पाखरू काढतो, तीही जादूच. परंतु ती हातचलाखी आहे हे पैसा टाकणारासही ठाऊक असते. तिसरा अर्थ मात्र करणीचा, मूठ मारण्याचा, चेटकाचा. पहिल्या दोहोंच्या निरुपद्रवी सोबतीत हा तिसराही खपून जातो, हाच आमचा आक्षेप आहे.

त्याची किंमत कोण देतो? गावात गुरे मरू लागली की एखादी निराधार विधवा चेटकीण ठरते. शेतात साप डसला की रोग्यास मांत्रिकाकडे नेतात. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी. त्यांच्या दंशातून मनुष्य वाचावयाचाच, पण यश मंत्राचे! नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे डसले असेल तर मंत्र हरतो, आणि दोष दैवाच्या माथी बसतो. उलट प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून कसे तयार होते, हे कोणीही विचारावे. त्यात लपविण्यासारखे काही नाही. मांत्रिकास 'कसे?' म्हणून विचारून पाहा; तो कोपल्यावाचून राहणार नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि जो जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे झटले तो त्याच वर्षी झाला. सर्पदंश झालेल्यास औषधोपचारापासून अडविणे हाही त्यात गुन्हा असून, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. हे योग्यच झाले. परंतु कायदा मांत्रिकास शासन करील. मांत्रिकाच्या दाराकडे वळणारी पावले तो कशी फिरविणार?

ते काम शिक्षकांचे व आईबापांचे आहे. मुलांस हातचलाखीचे खेळ अवश्य दाखवावे, आणि लागलीच त्यांतील मर्म उघड करावे. रिकाम्या मुठीतून निघालेला अंगारा पाहून ज्या मुलाच्या तोंडी प्रथम 'कसे?' हा प्रश्न येईल, ते मोठेपणी कोणा विधवेच्या दारावर दगड टाकणार नाही. जादूची मौज खुशाल राहो. तिचे भय मात्र गेलेच पाहिजे.