सही त्याची, दुखणे त्याचे, कर्ज कोणाचे?

आपल्याकडे दोन गोष्टी शेजाऱ्यांपासून लपवल्या जातात. एक मनाचा आजार आणि दुसरी कर्ज. ज्या घरात या दोन्ही एकाच वेळी शिरतात, तिथे त्या घरच्यांपासूनही लपून राहतात. भाऊ औषधे घेत नाही हे वहिनीला ठाऊक असते, पण त्याने तीन ठिकाणांहून कर्ज उचलले आहे हे तिला कळते ते वसुलीवाला दारात उभा राहिल्यावर. मग घरात एकच प्रश्न फिरू लागतो: तो शुद्धीवर नसताना केलेली सही खरी धरायची की नाही?

असा प्रश्न मोजक्याच घरांत पडतो, असे मानण्याचे कारण नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या काळात कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. म्हणजे साधारण दहांत एक. यांतले सगळेच कर्जात बुडतात असे मुळीच नाही. पण आजार आणि पैसा यांचे नाते जवळचे आहे. उन्मादाच्या अवस्थेत माणसाला झोप नको असते, आपल्याला सगळे जमेल असे वाटते आणि पैसा पाण्यासारखा जातो. असा बेसुमार खर्च हे डॉक्टर त्या आजाराचे एक लक्षणच मानतात. उदासीनतेत नेमके उलटे होते. बँकेची पाकिटे न फोडता पडून राहतात, हप्ता चुकतो, दंड चढतो. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा समोर ठेवलेल्या कागदावर सही करून मोकळे होतात.

पूर्वी कर्ज घ्यायचे म्हणजे शाखेत जावे लागे, व्यवस्थापकासमोर बसावे लागे, जामीनदार शोधावे लागत. त्या खेपांचा जाच होता हे खरे, पण त्या खेपांत चार माणसे त्या माणसाकडे पाहत असत. पतपेढीतला कारकून ओळखीचा असे, तो घरी निरोप धाडी. आज रात्री दोन वाजता, अंथरुणात पडल्या पडल्या, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की काही मिनिटांत पैसे खात्यात येतात. कर्ज घेणारा कोणत्या अवस्थेत आहे हे पाहणारे पलीकडे कोणी नसते. कायदा मात्र नेमके तेच विचारतो.

कायदा काय म्हणतो?

१८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे करार करणारा सुबुद्ध मनाचा असला पाहिजे. १२ वे कलम सांगते की, सही करतेवेळी त्याला करार समजत होता का आणि त्यात आपले हित कशात आहे याचा विचार त्याला करता येत होता का, ते पाहायचे. एरवी आजारी असलेला माणूस बऱ्या काळात करार करू शकतो आणि एरवी धडधाकट असलेला माणूस भ्रमाच्या काळात करू शकत नाही. तापाच्या वातात बरळणाऱ्या माणसाचे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे.

म्हणजे प्रश्न आजाराच्या नावाचा नसून त्या घटकेचा आहे. ‘त्याला दहा वर्षे गोळ्या चालू आहेत’ एवढ्याने करार रद्द होत नाही. एरवी व्यवहार नीट करणारा माणूस त्या घटकेला भानावर नव्हता, हे तसे म्हणणाऱ्याला सिद्ध करावे लागते. त्यासाठी त्या तारखेच्या आसपासचे डॉक्टरांचे कागद लागतात: रुग्णालयात दाखल केल्याची नोंद, औषधांच्या चिठ्ठ्या, केसपेपर. आणि करार रद्द ठरलाच, तरी त्यातून मिळालेली रक्कम परत करण्याची जबाबदारी येऊ शकते.

याच्या जोडीला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचावा लागतो. हा कायदा २०१८ पासून अमलात आहे. एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो ‘विकल मनाचा’ ठरत नाही, तसे ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा, असे त्याचे ३ रे कलम बजावते. ही तरतूद रुग्णाच्या बाजूची आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे.

इथेच कुटुंबे चकतात. कर्जातून सुटण्यासाठी ‘आमचा मुलगा वेडा आहे’ असे लिहून देण्याचा मोह होतो. कोणी तरी सल्लाही देतो. पण हे शस्त्र दुधारी आहे. आज कर्जापुरते काढलेले ते शब्द उद्या त्याच्या नोकरीच्या, लग्नाच्या आणि वडिलोपार्जित घरातल्या हिश्शाच्या आड येतात. एका कर्जाची सही पुसण्यासाठी त्याची सगळीच सही पुसली जाते. खरोखर भ्रमाच्या काळात झालेला मोठा व्यवहार असेल, तर वकिलाच्या सल्ल्याने न्यायालयात जरूर जावे. बाकी बहुतेक कर्जांना दुसरी वाट आहे. ती लांबची आहे, पण माणूस शाबूत ठेवणारी आहे.

आधी कागद, मग पैसा

घाबरलेले घर पहिली चूक करते ती पैसे भरण्याची. दागिने मोडून सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याचे देणे आधी फेडले जाते. खरे तर आधी यादी करावी. देणे कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती, तारण काय, जामीनदार कोण. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात बँका व वित्त कंपन्यांची कर्जे दिसतात. तो अहवाल ज्याचा त्याने मागवायचा असतो, म्हणून हे काम त्याला बरोबर घेऊनच करावे. ‘काय करून बसलास हे’ असे म्हणून फोन हिसकावून घेतला, तर पुढचे कर्ज आणखी खोल लपते. ‘चल, ही पाकिटे आपण दोघे फोडू’ म्हटले, तर चौथ्या कर्जाची गोष्ट तो आपणहून सांगण्याची शक्यता असते.

दुसरे म्हणजे, नाते म्हणून कोणी कर्जदार होत नाही. भाऊ, आई किंवा बायको यांनी सहकर्जदार वा जामीनदार म्हणून सही केलेली नसेल, तर त्यांच्याकडून वसुली करता येत नाही. जामीनदार असाल, तर मात्र करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे तुमची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणून ‘मी जामीन राहतो, पण त्याला सोडवा’ असे भावनेच्या भरात म्हणू नये.

तिसरे, वसुलीच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे की, वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, धमकावू नये, नातेवाइकांना व मित्रांना त्रास देऊ नये. मोबाइलवरून कर्ज देणाऱ्यांना फोनमधली नावनिशी चाळण्याची मनाई आहे. शिवाय अशा कर्जात किमान एक दिवसाची माघारीची मुदत द्यावी लागते. तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. उन्मादाच्या रात्री घेतलेले कर्ज सकाळी लक्षात आले, तर ही मुदत फार मोलाची.

मग बँकेला रुग्णाच्या सहीचे पत्र द्यावे: आजारपण, उत्पन्नात पडलेला खंड, हप्ता कमी करून मुदत वाढवण्याची विनंती, सोबत डॉक्टरांचा दाखला. आजाराची माहिती ही त्याची खासगी बाब आहे. किती सांगायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. बँकेने किंवा वित्त कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. पतपेढीची तक्रार मात्र सहकार खात्याकडे करायची. दाव्याची नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नये. मानसिक रुग्णांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो आणि लोकअदालतीत तडजोडही होते.

खासगी सावकाराची गोष्ट वेगळी. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक असलेला दामदुपटीचा नियम तो हाच. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते.

आधार आणि ताबा

पुढे असे होऊ नये म्हणून काय करावे? अनेक घरे मुखत्यारपत्र करून ठेवतात. पण करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन विकल झाले की ते संपुष्टात येते. म्हणजे नेमके गरजेच्या वेळी. मानसिक आरोग्य कायद्यातला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ उपचारांपुरता असतो, त्याला बँकेचे खाते चालवता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे. त्यात ठरावीक काळापुरते, ठरावीक निर्णयांपुरते, दोघांनी मिळून ठरवायचे असते. पण त्याआधी, माणूस बरा असतानाच, साधे उपाय करता येतात. क्रेडिट कार्डाची मर्यादा त्याच्याच अर्जाने कमी करून घ्यावी. मोठी रक्कम दोघांच्या सहीने निघेल अशा खात्यात ठेवावी. झोप उडाली, खरेदी वाढली की कोणाला फोन करायचा ते आधी ठरवून लिहून ठेवावे.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. ‘तुझे कर्ज आम्ही फेडतो, तू हक्कसोडपत्रावर सही कर’ असे सौदे आपल्या घरांत होतात. दोन लाखांच्या देण्यापायी माणूस राहत्या घरातला हिस्सा गमावतो आणि वर उपकाराखाली राहतो. दिव्यांग हक्क कायद्याचे १३ वे कलम सांगते की, आधार देणाऱ्याचे हित जिथे आड येते, त्या व्यवहारातून त्याने बाजूला व्हावे. ज्याचा हिस्सा वाढणार आहे, त्याने त्या कागदाजवळ बसू नये.

सगळा भार घरावर टाकणेही बरे नव्हे. इंग्लंड व वेल्समध्ये मे २०२१ पासून, तीव्र मानसिक आजारावर उपचार चालू असेपर्यंत आणि त्यानंतर तीस दिवस, व्याज, दंड आणि वसुली थांबवण्याची कायदेशीर सोय आहे. आपल्याकडे अशी सोय नाही. हृदयविकाराने अतिदक्षता विभागात असलेल्या माणसाकडे हप्ता मागायला सहसा कोणी जात नाही. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात दाखल असलेल्याला तेवढी सवड मिळावी, ही मागणी फार मोठी नाही. कर्ज देताना माणसाकडे पाहायचे नाही असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांनी वसूल करताना तरी थोडे थांबावे.

तोवर घराने एवढे ध्यानात ठेवावे. कर्ज आज ना उद्या फिटते, बुडते किंवा तडजोडीत निघते. पण बरा होऊन उठलेल्या माणसाला आपली सही आपली राहिलेली दिसली पाहिजे.