पंचवीस की बावन्न? चुकीमागचं डोकं ओळखूया

आज एक छोटासा प्रयोग करूया. घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल, तर त्याच्या हातात पाटी द्या आणि म्हणा, "पंचवीस लिही." काही मुलं आधी 5 लिहितात आणि त्याच्या पुढे 2. पाटीवर दिसतं 52.

अशा वेळी तुम्ही काय म्हणता? बऱ्याच घरांत ठरलेलं वाक्य येतं, "लक्ष कुठे आहे तुझं? दहा वेळा लिहून काढ."

पण जरा थांबा. मुलाचं लक्ष तुमच्याकडेच आहे. 'पंचवीस' हा शब्द सावकाश म्हणून बघा. आधी पाच ऐकू येतो, मग वीस. मुलाने जसं ऐकलं तसं लिहिलं. आपण बोलताना एकक आधी घेतो आणि लिहिताना दशक आधी, ही गंमत त्याला अजून कोणी दाखवलेली नाही, एवढंच.

आम्हा बेंगळुरूतल्या मराठी घरांत तर ही गंमत तिप्पट होते. घरी आजी म्हणते 'पंचवीस'. शाळेत 'ट्वेंटी फाइव्ह'. खाली भाजीवाल्याकडे 'इप्पत्तैदु'. इंग्रजी आणि कन्नड दोन्हींत वीस आधी, पाच नंतर, म्हणजे जसं लिहायचं तसंच बोलायचं. मराठी मात्र उलट चालते. जर्मन भाषाही तशीच, तिथेही 'पाच आणि वीस' म्हणतात. त्यामुळे मराठीत काही कमी आहे असं अजिबात समजू नका. फक्त आपल्या मुलांना एक वळण जास्त घ्यावं लागतं.

पुढचं वळण तर आणखी मजेदार आहे. सत्तावीस, अठ्ठावीस, आणि मग? 'नव्वावीस' म्हणणाऱ्या मुलाला आपण हसतो. खरं तर त्याने नियम बरोबर पकडलेला असतो! नियम मोडते ती आपली भाषा. ती म्हणते एकोणतीस, म्हणजे तिसाला एक कमी. एकोणचाळीस, एकोणपन्नास असं करत एकोणनव्वदपर्यंत हेच चालतं आणि 99 ला पुन्हा पलटी खाऊन 'नव्याण्णव' होतं. 'नव्वावीस' हा शब्द त्या मुलाला कोणीही शिकवलेला नसतो. तो त्याने स्वतः तयार केलेला असतो.

यालाच म्हणतात ज्ञानरचनावाद

शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. ज्ञान म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं पाणी नाही. मूल आधीच्या अनुभवाला नवा अनुभव जोडतं आणि आपलं ज्ञान आपणच रचतं. रचताना एखादी वीट वाकडी बसते. तिला आपण चूक म्हणतो.

हा विचार मांडणाऱ्यांत दोन नावं नेहमी येतात, स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे आणि रशियाचे लेव वायगॉट्स्की. योगायोग म्हणजे दोघांचाही जन्म 1896 चा. लहान मुलं मोठ्यांपेक्षा कमी विचार करत नाहीत, वेगळा विचार करतात, हे पियाजेंनी मुलांशी बोलून, त्यांना प्रश्न विचारून दाखवलं. वायगॉट्स्कींनी पुढची गोष्ट सांगितली. जे मुलाला आज एकट्याने जमत नाही, ते कोणाच्या तरी मदतीने जमतं, आणि शिकवण्याची खरी जागा तीच. म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडायचं नाही आणि सगळं आपणच करूनही द्यायचं नाही.

आपल्याकडे हे कुठे झालं?

हे सगळं महागड्या शाळांचं काम आहे असं वाटत असेल, तर थोडं मागे जाऊया. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. शिकवायचं साहित्य कोणतं? शंख-शिंपले, पानं, बिया, खडे. जे मुलांच्या हाताला रोज लागतं, तेच.

अलीकडचं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं. तिथल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि शिक्षकांनी मिळून ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला सुरुवात केली. मुलं जमिनीवर गटात बसतात, फरशीवर आखलेल्या आकृत्यांवर काम करतात, वस्तू हाताळत संख्या शिकतात. हे वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. 22 जून 2015 रोजी राज्य सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम जाहीर केला, त्यानंतर असे वर्ग गावोगावी दिसू लागले.

आमच्या कर्नाटकातही असाच एक प्रयोग आहे, 'नली-कली'. म्हणजे आनंदाने शिका. 1995 च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात तो सुरू झाला आणि नंतर राज्यभरातल्या सरकारी शाळांमध्ये पोहोचला. लहान इयत्तांची मुलं एकत्र बसतात. भिंतीवर शिकण्याची शिडी असते आणि प्रत्येक मूल आपल्या पायरीवरून आपल्या वेगाने पुढे जातं. काही मुलं शिक्षकांसोबत, काही मित्रांच्या मदतीने, काही एकटी. डोक्यावर दोऱ्यांचा मांडव आणि त्यावर मुलांनी केलेली कामं लटकलेली. अर्थात, एका शिक्षकाने इतक्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या मुलांकडे लक्ष देणं सोपं नाही. पद्धत कितीही चांगली असली, तरी वर्गात पुरेसे शिक्षक हवेतच.

'वीस पाच'चा वाद आठवतो?

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'सोबत 'वीस पाच' असं वाचनही दिलं गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. केवढा गदारोळ झाला! विधानसभेत चर्चा, व्हॉट्सअॅपवर विनोदांचा पाऊस. मराठीचं नुकसान होतंय असंही अनेकांना वाटलं. पण जुने शब्द काढलेले नव्हते. मुलाला संख्या आधी समजावी म्हणून एक सोपी पायरी दिली होती.

तुमचं मत काहीही असू द्या. त्या गोंधळात एक प्रश्न मात्र मागे पडला, की सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात नेमकं काय चाललंय? भाषेची काळजी आपण मोठ्यांनी केली, मुलाला कोणी विचारलंच नाही.

घरी काय करता येईल?

1. काड्या घ्या. आइस्क्रीमच्या काड्या, खराट्याचे हीर, काहीही चालेल. दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधायला सांगा. मग पंचवीस मागा. दोन गठ्ठे, पाच सुट्या. आता 52 मागा. पाच गठ्ठे, दोन सुट्या. फरक मुलाच्या हातालाच कळतो, तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

2. "चूक" म्हणण्याआधी "हे तू कसं केलंस?" असं विचारा. उत्तर बरोबर असेल तेव्हाही विचारा, नाहीतर हा प्रश्न म्हणजे ओरड्याची नांदी आहे असं मुलं लगेच ओळखतात.

3. घरात दोन-तीन भाषा असतील तर त्यांचा खेळ करा. 'पंचवीस, इप्पत्तैदु, ट्वेंटी फाइव्ह. कोणत्या भाषेत वीस आधी येतो?' हे कोडं मुलांना फार आवडतं.

4. शाळेचा प्रोजेक्ट तुम्ही करू नका. थर्माकोलचा सुबक किल्ला आईने रात्री बारापर्यंत जागून केला, तर शिकली आई! मुलाचा वाकडा किल्ला शाळेत जाऊ द्या.

मग पाठांतर बंद करायचं का? मुळीच नाही. पाढे पाठ असले की पुढचं गणित भराभर सुटतं. फक्त क्रम सांभाळा. चार गठ्ठे मांडून 'दहा चोक चाळीस' एकदा डोळ्यांनी बघितलं, की ते तोंडातही पक्कं बसतं.

हे सगळं मी एवढ्या कळकळीने लिहितेय, कारण "मला गणित जमतच नाही" हे वाक्य खूप मुलं फार लवकर बोलायला लागतात. ते वाक्य घेऊन कोणी जन्माला येत नाही. लाल फुल्या मोजता मोजता मूल ते शिकतं, आणि मग प्रयत्न करणंच सोडून देतं. डोक्याने काम केलेलं असूनही फुलीच मिळणार असेल, तर डोकं चालवायचं कशाला?

पुढच्या पालकसभेत शिक्षकांना भेटाल, तेव्हा किती मार्क मिळाले हे जरूर विचारा. पण त्यासोबत हेही विचारा, "माझं मूल चुकतं तेव्हा काय विचार करून चुकतं?" शिक्षकांनाही हा प्रश्न आवडेल.

आणि हो, तुमच्या घरातल्या छोट्यांनी स्वतः बनवलेला एखादा भन्नाट आकडा असेल, तर त्याला हसण्याआधी वहीत टिपून ठेवा. पुढच्या लेखात भेटूच!